होवसेप एमिन याचें आत्मचरित्र : एक चिकित्सा

इ. स. १७९२ सालीं लंडनमध्यें एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें. जोसेफ एमिन नांवाच्या आर्मेनियन मनुष्याचें जीवित व त्याचीं साहसें, खुद्द त्यानेंच इंग्रजींत लिहिलेलीं, असा त्याच्या मुखपृष्ठावरील मजकुराचा मथितार्थ आहे. पुढें १९१८ सालीं कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन छापखान्यांत त्याची दुसरी आवृत्ति निघाली. ती ग्रंथकाराची खापरपणती अ‍ॅमी अपकार हिनें संपादिली असून, मूळ ग्रंथाबरोबर एमिनचा इंग्लंडांतील थोरामोठ्यांशीं झालेला पत्रव्यवहारही तींत जोडला आहे. प्रस्तुत परीक्षण या दुसऱ्या आवृत्तीस धरून आहे.

आर्मेनियन माणसाच्या चरित्राशीं आपणांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या वादांत आपल्या संशोधकांच्या दोनतीन पिढ्यांची हयात गेली, तोच वाद येथें परक्या वेषांत उभा आहे. बखर कितपत मानावी, अस्सल पत्रापुढें तिची किंमत काय, आणि घराण्याच्या करीन्यांत जो मनुष्य आपलेंच गाऱ्हाणें मांडतो त्याच्या शब्दास साक्षीचें मोल द्यावें कीं फिर्यादीचें, हा तो वाद होय. एमिनचें पुस्तक आमच्या मतें बखर नव्हे व रोजनिशीही नव्हे. तो एक लांबलचक करीना आहे. आणि योग असा कीं, ज्या गृहस्थाच्या शब्दावर विश्वास ठेवावा कीं नाहीं याची चौकशी करावयाची, त्याच्या नांवाचाच अर्थ 'विश्वासू' असा आहे. आपल्या जुन्या कागदांत पदोपदीं भेटणारा महसुलाचा 'अमीन' तो हाच शब्द.

एमिनचा जन्म इराणांतील हमदान शहरीं १७२६ सालीं झाला. आर्मेनियन लोकांचा देश त्या वेळीं दोन बादशाह्यांनीं वांटून घेतला होता. पश्चिमेकडील भाग उस्मानी सुलतानाकडे व पूर्वेकडील इराणच्या शहाकडे. ज्या नादिरशहानें १७३९ त दिल्ली लुटली, त्याच्याच स्वाऱ्यांच्या धामधुमींत या मुलाचें बालपण गेलें. बाप व्यापारानिमित्त कलकत्त्यास होता. १७४४ च्या सुमारास एमिन त्याच्याकडे आला. तेथें इंग्रजांचा किल्ला, त्यांच्या शिपायांची कवाईत आणि त्यांचीं जहाजें पाहून त्याच्या मनानें घेतलें कीं, आपले लोक परक्यांच्या ताबेदारींत कां, तर त्यांस ही विद्या नाहीं म्हणून. येथें एक गोष्ट वाचकांच्या नजरेस आणतों. नागपूरकर भोंसल्यांच्या फौजांच्या भीतीनें कलकत्तेकरांनीं मराठा खंदक खणावयास घेतला तो १७४२ सालीं, व तो अपुराच राहिला. भास्करराम कोल्हटकराचा दग्यानें वध झाला तो १७४४ सालीं. म्हणजे ज्या शहराचा बंदोबस्त पाहून या मुलास स्वदेशाच्या मुक्ततेचें स्वप्न पडलें, तें शहर त्या वेळीं मराठ्यांच्या धास्तीनें आपला बंदोबस्त करीत होतें. यावरून कोणताही सिद्धांत काढण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु हा योगायोग गाळून पुढें जाणें आमच्यानें झालें नाहीं.

१७५१ त बापाच्या इच्छेविरुद्ध एका इंग्रजी जहाजावर काम पत्करून एमिन विलायतेस गेला. लंडनमध्यें त्यानें गवंड्यांच्या हाताखालीं मजुरी केली, हमाली केली, नकलनविशी केली. पुढें सेंट जेम्सच्या बागेंत एका तरुण आयरिश गृहस्थाशीं त्याची सहज गांठ पडली. हा गृहस्थ म्हणजे एडमंड बर्क. पण बर्कला त्या वेळीं कोणी ओळखीत नव्हतें. त्यानें एमिनास आपले दोन ग्रंथ नकलून काढावयास दिले. एक बोलिंगब्रोकच्या धर्तीवर रचलेला निबंध व दुसरा उदात्त आणि सुंदर यांच्या तत्त्वांवरील प्रबंध. हे ग्रंथ अनुक्रमें १७५६ व १७५७ सालीं छापून निघाले. पोथ्यांच्या शेवटीं वाचकांची क्षमा मागणाऱ्या लेखकूंच्या मालिकेंत हमदानचा हा आर्मेनियनही बसतो, ही गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांस गोड वाटेल अशी आहे.

त्यानंतर त्याचें दैव उघडलें. नॉर्थंबरलंडचा अर्ल त्याचा पुरस्कर्ता झाला, राजपुत्र कंबरलंड याच्या आश्रयानें वुलिच येथील लष्करी शाळेंत त्याचा प्रवेश झाला, १७५८ त फ्रान्सच्या किनाऱ्यावरील स्वाऱ्यांत त्यानें भाग घेतला. १७५९ त तो तुर्की मुलखांतून एच्मिआद्झिन या आर्मेनियन धर्मपीठापर्यंत जाऊन परत आला. १७६१ त, म्हणजे इकडे पानिपत झालें त्याच वर्षीं, तो रशियास निघाला. आणि तेथील मुख्य मंत्री वोरोन्त्सोव याचें शिफारसपत्र घेऊन १७६३ त तिफ्लिस येथें जॉर्जियाचा राजा दुसरा एरेक्ले याच्या दरबारीं दाखल झाला. जॉर्जियाचा ख्रिस्ती राजा, काराबाखचे पांच आर्मेनियन मलिक आणि तुर्की मुलखांतील आर्मेनियन रयत यांची एकजूट करून दोन्ही बादशाह्यांचें जूं झुगारून द्यावयाचें, असा त्याचा बेत होता. हा बेत फसला. राजानें आरंभीं आदर केला व पुढें निरोप दिला. कित्येक वर्षें कॉकेशस व काराबाखच्या डोंगरांतून वणवण करून १७७० च्या सुमारास तो हिंदुस्थानांत परतला, मद्रासच्या आर्मेनियन व्यापाऱ्यांकडे द्रव्यसाहाय्य मागून पाहिलें, इस्पहानजवळील नव्या जुल्फांत संसार थाटला, अखेर पुन्हां कलकत्त्यास येऊन राहिला आणि तेथेंच १८०९ च्या ऑगस्टमध्यें वारला. इतकें चरित्र चिकित्सेस पुरे आहे.

ग्रंथ हातीं घेतांच प्रथम जी गोष्ट डोळ्यांत भरते ती ही कीं, स्वतःचें चरित्र असून तें तृतीय पुरुषीं लिहिलें आहे. 'एमिन म्हणाला', 'एमिन निघाला' अशी त्याची भाषा. युरोपांतील वाचकांस येथें सीझरची आठवण होईल. आम्हांस बाणभट्टाची झाली. हर्षचरिताच्या आरंभींच्या उच्छ्वासांत बाण आपलें कुल, आपली पोरकी अवस्था आणि आपलें उनाड तारुण्य हें सर्व दुसऱ्या कोणाचें सांगावें तसें सांगतो. बिल्हणानेंही विक्रमांकदेवचरिताच्या अठराव्या सर्गांत आपली काश्मीरपासून कर्णाटकापर्यंतची भ्रमंती नोंदवून ठेविली आहे. ही पद्धति आत्मश्लाघेची आहे असें पुष्कळ म्हणतात. आमचा अनुभव निराळा आहे. बाणाच्या त्या भागांत त्याच्या उरलेल्या ग्रंथापेक्षां अधिक खरेपणा आहे, कारण स्वतःकडे लांबून पाहणाऱ्यास स्वतःचें हसूं येऊं शकतें. एमिनच्या लंडनमधील हालअपेष्टांच्या प्रकरणांस हाच गुण लाभला आहे. खिशांत पैसा नाहीं, भाषा धड येत नाहीं, आणि मनांत मात्र एका राष्ट्राचा उद्धार. ही विसंगति त्याला दिसते व तो ती लपवीत नाहीं. परंतु पुस्तकाच्या उत्तरार्धांत तोच तृतीय पुरुष ढालीसारखा वापरला आहे. जेथें बेत फसतो तेथें एमिन नेहमीं शांत, दूरदर्शी व निरुत्तर करणारा, आणि समोरचा मनुष्य हटकून क्षुद्र. लांबलांब संवाद अक्षरशः दिले आहेत. वीस वर्षांपूर्वींचे, निरनिराळ्या चार भाषांत झालेले संवाद कोणास असे पाठ राहतील? बखरकार सदाशिवरावभाऊंच्या तोंडीं भाषणें घालतो तीं आपण जशीं वाचतों, तशींच हीं वाचावीं.

नाना फडणीसांचें त्रोटक आत्मचरित्र याच शतकांतलें व पानिपतच्या आसपासच थांबणारें. त्याच्याशीं हा ग्रंथ ताडून पाहतां एक महत्त्वाचा भेद ध्यानांत येतो. नाना आपल्या मनाचे दोष उघड करतात ते देवापुढें. एमिन आपली बाजू मांडतो ती इंग्लंडांतील वाचकांपुढें. म्हणूनच त्यानें हें पुस्तक मातृभाषेंत लिहिलें नाहीं. ज्यांच्या मुक्ततेसाठीं तो झिजला, त्या एर्झेरूमच्या वा काराबाखच्या शेतकऱ्यांपैकीं एकासही तें वाचतां आलें नसतें. ज्या न्यायासनापुढें करीना दाखल करावयाचा, त्याच्या भाषेंत तो लिहावा लागतो. आणि न्यायाधीशास काय रुचेल याचा विचार लेखणीवर बसल्याशिवाय राहत नाहीं. पुस्तक पारखतांना ही गोष्ट क्षणभरही विसरतां कामा नये.

आतां पाठचिकित्सेचा प्रश्न. एमिननें ग्रंथाचा मसुदा १७८८ त सर विल्यम जोन्स यांस दाखविला. जोन्स म्हणजे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक. संस्कृताच्या कोणाही विद्यार्थ्यानें ज्यांचें नांव आदरानें घ्यावें असे. शाकुंतलाचें त्यांचें भाषांतर १७८९ त प्रसिद्ध झालें. तेव्हां ज्या दिवसांत त्यांच्या मेजावर कालिदास होता त्याच दिवसांत हा मसुदाही होता. जोन्स यांनीं व्याकरणाच्या व शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, आणि आत्मप्रशंसेचीं स्थळें व पौर्वात्य थाटाची स्तुति गाळावी असा सल्ला दिला. येथें संशय येतो कीं, मग आपल्या हातीं आहे तो एमिन कीं जोन्स? सुदैवानें हा संशय फेडण्याचें साधन दुसऱ्या आवृत्तींतच आहे. जीं पत्रें कोणी सुधारलीं नाहींत, त्यांतील मोडकें पण जिवंत इंग्रजी आणि ग्रंथांतील इंग्रजी शेजारीं ठेवून वाचावें. वाक्याची ठेवण, फारशी वळणाच्या उपमा, मध्येंच विषय सोडून म्हणीवर जाण्याची खोड, हीं दोहोंकडे तींच आहेत. जोन्स यांचा हात हलका पडला होता. आत्मप्रशंसा गाळण्याचा सल्ला तर ग्रंथकारानें बराचसा कानाआडच केला आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीनें तें बरेंच झालें. ज्या मनुष्याची बढाईच कोणी छाटून टाकली, त्याची परीक्षा मागाहून कशी करावी?

पत्रांची खरी किंमत मात्र भाषेपुरती नाहीं. नॉर्थंबरलंडच्या अर्लास लिहिलेलें पत्र व मिसेस एलिझाबेथ मॉंटेग्यू या विदुषीस लिहिलेलीं पत्रें हीं अपयश येण्यापूर्वींचीं आहेत. चरित्र अपयशानंतर वीस वर्षांनीं लिहिलेलें. आम्हीं हीं दोन्ही साधनें घटनावार ताडून पाहिलीं. कलकत्त्याचा किल्ला पाहून झालेला मनाचा निश्चय, बापाचा विरोध, जहाजावरील व लंडनमधील कष्ट, या बाबतींत पत्र व चरित्र यांचा मेळ बसतो. म्हणजे मनुष्य घटना बनवीत नाहीं. बदल आहे तो दोष कोणावर ठेवावा यांत. पत्रांतला तरुण अज्ञानावर चिडला आहे; आपल्या लोकांस विद्या नाहीं, शस्त्र नाहीं, जगाची खबर नाहीं, ही त्याची तळमळ. चरित्रांतल्या वृद्धाच्या रागास मात्र एक नांव सांपडलें आहे, आणि तें सिमेओन.

त्या नांवाकडे वळण्यापूर्वीं चरित्रांतील एका प्रसंगाचा उल्लेख केला पाहिजे, कारण पुढचा वाद त्यावरच उभा आहे. पहिल्या प्रवासांत एका आर्मेनियन खेड्यांत मुक्काम असतां एमिननें गांवकऱ्यांस विचारलें कीं, तुम्ही स्वतंत्र कां नाहीं? त्यांनीं उत्तर दिलें कीं, आमचें स्वातंत्र्य परलोकीं आहे; आम्हीं मुसलमानांच्या अमलाखालीं राहावें असेंच ईश्वरी विधान असल्याचें आमचे धर्मगुरु सांगतात. तेव्हां एमिननें त्यांस आर्मेनियन राजांच्या जुन्या इतिहासाची आठवण करून दिली. हा जुना इतिहास म्हणजे मोव्सेस खोरेनात्सी याचा ग्रंथ. तो १६९५ त अ‍ॅम्स्टरडॅमला छापला गेला व १७३६ त लंडनमध्यें लॅटिन भाषांतरासह निघाला. या प्रसंगाचे संवाद शब्दशः खरे मानण्याचें कारण नाहीं. पण प्रसंगाचा गाभा आम्हांस खरा वाटतो. कारण विस्मृतींत गेलेला राजवंश शेतकऱ्यास त्याच्याच भाषेंत सांगितला तर त्याचा चेहरा कसा पालटतो हें आम्हीं शाळामास्तरकींत छत्तीस वर्षें पाहिलें आहे. एक जुना ग्रंथ बाहेर पडतो, आणि त्याच्या आधारानें कोणी खेड्यांतल्या माणसास प्रश्न विचारूं लागतो. आपल्या मंडळींनीं पोथ्या कशासाठीं छापावयाच्या, याबद्दल ज्यांस शंका असेल त्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें.

सिमेओन येरेवान्त्सी हा १७६३ त एच्मिआद्झिनच्या गादीवर बसला व १७८० पर्यंत सर्व आर्मेनियनांचा धर्माध्यक्ष होता. एमिनचा आरोप असा कीं, मूशचा मठाधिपति होव्नान हा माणसें व साहाय्य देण्यास तयार असतां आणि एरेक्ले राजा अनुकूल असतां, सिमेओननें राजाचें मन फिरविलें व सर्व बेत धुळीस मिळविला. एमिनच्या लेखणींतून उतरलेला सिमेओन भित्रा, स्वार्थी व परक्यांची ताबेदारी गोड मानणारा आहे. पुष्कळ इंग्रजी वाचकांनीं हेंच चित्र जसेंच्या तसें उचललें.

आम्ही येथें थांबतों. प्रतिपक्षाचे कागद न पाहतां निकाल देणें हें कोणत्याही पंचायतीस शोभत नाहीं, आणि सिमेओनचे कागद तर विपुल आहेत. त्यानें स्वतः 'जांब्र' नांवाचा एक ग्रंथ रचला, जो १८७३ त छापला गेला. धर्मपीठाच्या जमिनी, गांवें, हक्क, सनदा व फर्मानें यांची ती जंत्री आहे. आपल्याकडील एखाद्या मोठ्या संस्थानाच्या इनामी दफ्तराची आठवण व्हावी अशी. त्याचीं स्मरणटिपणें 'दिवाण हायोत्स पत्मुत्यान', म्हणजे 'आर्मेनियन इतिहासाचें दफ्तर', या तिफ्लिसहून निघालेल्या मालेंत छापलीं आहेत. 'दिवाण' हा शब्द तेथें दफ्तरखाना या अर्थानें योजिला आहे हें आपल्या वाचकांस सांगणें नलगे.

हे कागद काय सांगतात? एच्मिआद्झिन येरेवानच्या खानाच्या मुलखांत होतें. उस्मानी हद्द तेथून दूर नव्हती. पीठाचे अनुयायी दोन्ही बादशाह्यांत विखुरलेले. एका बाजूस बंड उठलें कीं दुसऱ्या बाजूच्या रयतेवर सूड. पीठाचें उत्पन्न, यात्रा, पत्रांची नेआण, सर्व कांहीं सुभेदारांच्या मर्जीवर. एमिन घोड्यावर बसून डोंगरापलीकडे जाऊं शकत होता. मठ उचलून नेतां येत नाहीं. ज्या मनुष्यानें आयुष्य घालून एकेक सनद गोळा केली, तो एका पाहुण्याच्या भरंवशावर ती पणास लावील, ही अपेक्षाच चुकीची होती. आणि तो नुसता हात बांधून बसलाही नाहीं. त्यानें १७७१ त एच्मिआद्झिनला छापखाना उभारला. आर्मेनियाच्या भूमीवरील हा पहिला छापखाना, आणि त्यास पैसा दिला मद्रासच्याच एका आर्मेनियन व्यापाऱ्यानें.

परंतु सिमेओनचा पक्ष घेतांना दुसरें टोंक गांठूं नये. १७७२ त मद्रासमध्यें शहामीर शहामीरियन याच्या छापखान्यांतून 'नोर तेत्राक', म्हणजे 'नवी पुस्तिका', बाहेर पडली. मोव्सेस बाघ्रामियन याच्या नांवाशीं निगडित असलेली ही पुस्तिका आर्मेनियन तरुणांस जागें होऊन शस्त्र धरण्याचा उपदेश करते. सिमेओननें बाघ्रामियनला बहिष्कृत केलें व पुस्तिकेच्या प्रती जाळण्याची आज्ञा दिली. हा पुरावा एमिनचा नव्हे, तर त्याच्या फिर्यादीशीं संबंध नसलेल्या दुसऱ्याच प्रकरणाचा आहे. तो एमिनच्या आरोपास बळकटी आणतो. कारण ज्यानें १७७२ त हजार कोसांवरची पुस्तिका जाळावयास लाविली, त्यानें १७६३ नंतर शेजारच्या राजाचें मन वळविलें असल्यास नवल नाहीं. तेव्हां आमचा निर्णय असा. सिमेओननें विरोध केला ही एमिनची साक्ष ग्राह्य. तो विरोध भ्याडपणामुळें अगर स्वार्थामुळें केला, हें एमिनचें अनुमान अग्राह्य. साक्षीदार घडलेलें सांगतो तेव्हां विश्वासू असूं शकतो, आणि दुसऱ्याच्या मनांत शिरतो तेव्हां तोच अविश्वसनीय ठरतो. बखरींतील हकीकत व बखरींतील हेतु यांत आपणही असाच फरक करावा, असें आम्ही पूर्वींपासून सुचवीत आलों आहों.

एरेक्ले राजाविषयींही एमिन न्यायी नाहीं. राजाच्या डोक्यावर इराण, उशाशीं तुर्क व दाराशीं दागिस्तानचे लुटारू होते. त्यानें पुढें १७८३ त रशियाशीं तह केला. पण १७९५ त आगा महंमदखानानें तिफ्लिस लुटून जाळलें तेव्हां रशियाची मदत वेळेवर आली नाहीं. ही गोष्ट एमिनचें पुस्तक छापून तीन वर्षांनीं घडली. ती त्यास लिहितांना ठाऊक असणें शक्य नव्हतें. आपल्यास ती ठाऊक आहे, आणि म्हणून राजाच्या कचरण्याकडे आपण अधिक सौम्य दृष्टीनें पाहिलें पाहिजे.

आतां ग्रंथाच्या सर्वांत मोठ्या दोषाकडे येतों. हा दोष माहितीचा नसून दृष्टीचा आहे. इराणी खानांचा व तुर्की पाशांचा जुलूम एमिन ज्या तीक्ष्णतेनें पाहतो, ती तीक्ष्णता इंग्रजांकडे वळतांच बोथट होते. तो कलकत्ता सोडून गेला तेव्हां कंपनी व्यापारी होती. परत आला तेव्हां प्लासी होऊन गेली होती, बंगालची दिवाणी १७६५ त कंपनीकडे गेली होती, आणि १७७० च्या दुष्काळानें तो प्रांत उजाड केला होता. ज्या किल्ल्यानें त्यास स्वातंत्र्याचा धडा दिला, तोच किल्ला दुसऱ्यांच्या पारतंत्र्याचा खुंटा झाला होता. हा विचार ग्रंथांत कोठें मांडलेला आम्हांस आढळला नाहीं. त्याचा जुना मित्र बर्क याच्या मनांत मात्र तो आला होता. वॉरन हेस्टिंग्जवरील खटला चालू असतां १७८९ त बर्कनें एमिनास पत्र लिहिलें. सेंट जेम्सच्या बागेंतील त्या पहिल्या भेटीच्या दिवशीं इंग्लंड हिंदुस्थानचें धनी होईल असें कोणास वाटलें असतें, असा त्याचा सूर आहे. नकलनवीस कृतज्ञ राहिला आणि ग्रंथकार अस्वस्थ झाला. एमिनच्या मौनाचें कारण शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. करीना ज्याच्यापुढें दाखल करावयाचा त्याच्यावर करीन्यांत फिर्याद कोण लावतो?

रशियाविषयींही त्याची आशा अशीच होती. १८२८ च्या तुर्कमानचायच्या तहानें येरेवान इराणकडून रशियाकडे गेलें. पुढें मिकायेल नालबंदियान नांवाचा दुसरा एक आर्मेनियन लेखक एका मृत्युपत्रानें ठेविलेल्या द्रव्याच्या कामासाठीं १८६० च्या सुमारास कलकत्त्यास येऊन गेला. परतल्यावर १८६२ त त्यास कैद झाली, आणि १८६६ त हद्दपारींत क्षयानें तो वारला. त्यास कैद करणारी बादशाही तुर्कांची नव्हती व इराणचीही नव्हती. ती रशियाची होती.

मद्रासच्या प्रकरणासंबंधानें एक सूचना. तेथील व्यापाऱ्यांनीं देऊं केलेलें साहाय्य मागें घेतलें म्हणून एमिन त्यांच्यावर फार रागावला आहे, आणि त्याच्या मागें जाणारा वाचक त्यांस केवळ कवडीचुंबक समजेल. परंतु याच मंडळींनीं पुढें काय केलें तें पाहावें. शहामीरियन घराण्याच्या छापखान्यांतून 'वोरोगायत पारात्स', म्हणजे 'कीर्तीचा सांपळा', हा ग्रंथ निघाला. त्यांत भावी स्वतंत्र आर्मेनियासाठीं ५२१ कलमांची राज्यघटना दिली आहे. १७९४ त हारुत्युन श्मावोनियन या धर्मोपदेशकानें मद्रासहून 'अझ्दारार' हें जगांतील पहिलें आर्मेनियन नियतकालिक सुरू केलें. या लोकांनीं एमिनास पैसे दिले नाहींत, पण अक्षरांस दिले. 'वोरोगायत पारात्स'च्या मुखपृष्ठावर १७७३ हें साल आहे, तर ग्रंथ प्रत्यक्षांत १७८७ च्या सुमारास छापला असें आतां अभ्यासक मानतात. मुखपृष्ठावरील सालावर डोळे मिटून विसंबणाऱ्यांनीं याची नोंद घ्यावी. एमिनचा पहिला मद्रासप्रवास व हा ग्रंथ यांचा कालसंबंध त्या सालावरून जो कोणी जोडील, तो चौदा वर्षांनीं चुकेल.

संपादिकेविषयीं दोन शब्द. वंशजांनीं पूर्वजांचें चरित्र छापावें, यांत गुण व दोष दोन्ही ठरलेले असतात. आपल्याकडील सरदारघराण्यांच्या इतिहासांचा अनुभव ज्यांस आहे त्यांस अधिक सांगावयास नको. या बाईंनीं पूर्वजाची बाजू उचलून धरली आहे, पण पत्रें छापलीं. आणि पत्रें छापल्यामुळेंच तिच्या पूर्वजास तपासणें आपणांस शक्य झालें. इतका प्रामाणिकपणा आपल्या कित्येक घराण्यांनीं अद्याप दाखविलेला नाहीं. उणीव आहे ती सिमेओनच्या बाजूची. जांब्र त्या वेळीं छापून पंचेचाळीस वर्षें झालीं होतीं. चरित्रांतील आरोपांच्या जागीं त्याकडे बोट दाखवितां आलें असतें. जांब्रचें इंग्रजी भाषांतरही आतां झालें आहे, तेव्हां आर्मेनियन न येणाऱ्या वाचकांची सबब उरलेली नाहीं.

आम्हीं स्वतः हा ग्रंथ प्रथम वाचला तो चुकीच्या क्रमानें. आधीं चरित्र, मग पत्रें, आणि सिमेओन सर्वांत शेवटीं. त्यामुळें बरेच दिवस आम्ही एमिनच्या बाजूचे वकील होऊन बसलों होतों, आणि एका विद्वान मित्राशीं पत्रांतून व्यर्थ कडाक्याचा वादही घातला. त्या मित्राचें म्हणणें सिमेओनपुरतें बरोबर होतें, हें येथें नमूद करतों. नव्या वाचकानें आधीं नॉर्थंबरलंडच्या अर्लास लिहिलेलें पत्र वाचावें, मग मिसेस मॉंटेग्यूस लिहिलेलीं, त्यानंतर जांब्रांतील सनदांचीं प्रकरणें, आणि मग चरित्र उघडावें.